‘आदल्या रात्री वाचलेलंच लक्षात राहतं’ हे अर्धंच खरं

परीक्षा जवळ आल्या की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय हाच: वर्षभर अभ्यास करून उपयोग नाही, सगळं विसरायला होतं, आदल्या रात्री वाचलेलं ताजं राहतं, म्हणून पुस्तक सलग तीनदा वाचून काढा, झोप परीक्षा संपल्यावर काढा, ताण आला की मेंदू दुप्पट चालतो. ज्यांचा अभ्यास राहिलाय त्या मुलांना यातून धीर मिळतो. म्हणूनच हा मजकूर घातक वाटतो.

विसरायला होतं, हे खरंच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त विसरतं, हे त्यात दिसलं. पण त्याच प्रयोगांतली दुसरी गोष्ट या मजकुरात कधीच नसते. एका बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधत होतं, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ उजळण्यांत साधलं. विसरण्यावरचा उपाय त्यांच्याच वहीत होता: थोडं थोडं, वेगवेगळ्या दिवशी.

आता ‘सलग तीनदा वाचा’. माझा खरा आक्षेप इथे आहे. पचनसंस्थेची आकृती घ्या. पुस्तक उघडं असताना मूल बोट ठेवून सांगतं, हे यकृत, हे जठर, हे लहान आतडं. दुसऱ्यांदा पान उघडलं की म्हणतं, ‘हे येतंय मला.’ आता पुस्तक मिटून कोरा कागद द्या. जठर निघतं, आतडी निघतात, आणि पेन्सिल थांबते. स्वादुपिंड कुठे? पित्त तयार कुठे होतं, साठतं कुठे? पान ओळखीचं झालं होतं, उत्तर आठवत नव्हतं. पेपरात मात्र आठवावंच लागतं. ‘सगळं येत होतं, ऐनवेळी आठवलं नाही’ असं रडवेलं होऊन सांगणारं मूल खोटं बोलत नसतं. त्याला ते येतंय असं खरंच वाटलेलं असतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच मोजलं. एका गटानं उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्यानं एका फेरीत वाचला आणि तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं तेच वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात दोन दिवसांतच आठवणारे पुढे गेले होते. म्हणजे ‘ताजं राहतं’ हे अगदी थोड्या वेळापुरतं खरं आहे. पेपर एकच नसतो, आणि पुढच्या इयत्तेत तोच धडा पाया म्हणून परत येतो.

झोपेबद्दल तर मजकूर सरळ चुकीचा आहे. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, आणि जागरणानंतर मेंदू नवीन गोष्टीही नीट टिपत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या ५३५ मुलांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या होत्या. अभ्यासासाठी नेहमीपेक्षा कमी झोपल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात न समजणं, चाचणी बिघडणं हे वाढलेलं दिसलं.

ताणाचं म्हणाल तर थोडी धाकधूक माणसाला पुस्तकाशी बसवते, तेवढंच. ती वाढली की काळजीच डोक्यातली जागा खाते, आणि गणिताची दुसरी पायरी लिहिता लिहिता पहिली निसटते.

आणि ‘अमक्यानं एका रात्रीत अभ्यास करून पहिला नंबर काढला’? तो वर्षभर वर्गात बसलेला असतो, गृहपाठ केलेला असतो. त्या रात्री तो उजळणी करत असतो. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करणाऱ्यानं त्याच्याशी तुलना करू नये.

ज्याच्या हातात खरोखर एकच संध्याकाळ उरलीय, त्याला मी रागावणार नाही. त्यानं सगळं पुस्तक संपवण्याचा नाद सोडावा. न झेपणारे एक-दोन धडे सरळ ऑप्शनला टाकावेत. उरलेल्यातला एक भाग वाचावा, पुस्तक मिटावं, आठवेल ते कागदावर लिहावं, मग उघडून फक्त चुकलेलं बघावं. तासाभरानं चुकलेलंच पुन्हा लिहावं. आणि रोजच्या वेळेला झोपावं. आईबाबांनीही अशा वेळी ‘किती पानं झाली?’ असं विचारण्याऐवजी पुस्तक आपल्या हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत.