चौथा ओले

'ओले ओले ओले' ही आरोळी लिहिताना तीनदा लिहायची असते आणि म्हणताना चारदा म्हणायची असते. हा हिशेब ज्या रांगेला कळत नाही तिची स्टेडियममध्ये फजिती ठरलेली. तिसऱ्या ओलेनंतर निम्मे थांबतात, निम्मे पुढे जातात. मग तो एकटा पडलेला चौथा ओले, पंगत अचानक शांत व्हावी आणि नेमकं त्याच क्षणी कुणीतरी 'जिलबी इकडे' ओरडावं, तसा ऐकू येतो. पुढच्या रांगेतले वळून बघतात. ज्याच्या तोंडून तो निघाला तो खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागतो.

मराठी माणसाला तर हा शब्दच मुळात जाचक. आपल्याकडे ओले असतात टॉवेल. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू निघतात आणि उसळीला जातात. खोबरं ओलं असतं, दुष्काळ ओला असतो, आणि पार्टी ओली असेल तर घरी सांगायची नसते. पण एप्रिलच्या उन्हात, कोरड्या ठणठणीत मैदानाभोवती हजारो माणसं एका सुरात 'ओले ओले' म्हणू लागली की आतला व्याकरणाचा मास्तर जागा होतो. विशेषण झालं, विशेष्य कुठाय? कोण ओले? काय ओले?

शब्द स्पॅनिश आहे. बैल अंगावर येतो, मातादोर फडकं अलगद बाजूला घेतो, बैल हवेला शिंगं मारून पुढे निघून जातो आणि प्रेक्षक म्हणतात, 'ओले!' फ्लामेंकोच्या मैफलीतही हीच दाद. म्हणजे आपलं 'क्या बात है'. त्याचं नातं अरबी 'वल्लाह'शी जोडणारे आहेत, पण भाषेचे अभ्यासक त्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की तिथं जोर 'ले'वर पडतो. आपण सवयीनं 'ओ'वर देतो आणि पुन्हा टॉवेल आठवतो.

बैलावरून तो फुटबॉलवर आला त्याची कथा 1958 सालची सांगतात. मेक्सिको सिटीत ब्राझीलचा बोताफोगो आणि अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट या दोन क्लबांचा सामना होता. बोताफोगोचा वाकड्या पायांचा गॅरिंचा समोरच्या व्हायरो नावाच्या बचावपटूला पुन्हा पुन्हा चकवत राहिला, आणि झुंजी बघून तयार झालेल्या तिथल्या पब्लिकनं प्रत्येक चकव्याला ओले म्हटलं. म्हणजे मूळ आरोळीत एक बाजू मातादोर असते आणि दुसरी बैल. आपण ज्याला निव्वळ आनंद समजून ओरडतो तो समोरच्याचा अपमान आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं. विशेषतः समोरचे अंगापिंडानं थोर असतील तर.

चाल मात्र स्पेनची नाही, बेल्जियमची आहे. 1985 साली ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबनं तिथली लीग जिंकली, त्यानिमित्त ग्राँ जोजो या गायकानं एक गाणं केलं. पुढच्या वर्षी मेक्सिकोत विश्वचषक होता, त्यासाठी त्याच चालीची नवी आवृत्ती निघाली. बेल्जियम उपांत्य फेरीत मॅराडोनासमोर आडवं झालं आणि चौथं आलं. चाल मात्र जगभर पहिली आली. कारण तिला शिकवणी लागत नाही. एक शब्द, चार वेळा, आणि त्यानंतर एक गाळलेली जागा.

खरं दुखणं या गाळलेल्या जागेचं आहे. शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' हा सोप्यात सोपा प्रश्न असायचा, इथं तो सगळ्यात अवघड. जागेचं माप सहा अक्षरांचं. 'वी आर द चॅम्पियन्स' मोजून पाहा, सहा. 'इंडिया, इंडिया' म्हणजे तीन दुणे सहा. तेव्हा तुमच्या संघाचं नाव उच्चाराला तीन अक्षरी असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच.

कोल्हापूरकर असे भाग्यवान आहेत. तिथं तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पेठा विरुद्ध पेठा असा सामना असतो, आणि नावं जणू या चालीसाठीच ठेवलीत. खंडोबा, खंडोबा. शिवाजी, शिवाजी. दिलबहार, दिलबहार. पाटाकडील तालीम मंडळ हे पूर्ण नाव घालायला गेलात तर 'पाटाकडील तालीम' म्हणेपर्यंत जागा संपते आणि मंडळ पुढच्या ओलेच्या अंगावर कोसळतं. पण पीटीएम म्हणा, चपखल बसतं. आणि अस्सल तिथला माल भरायचा असेल तर 'नादखुळा, नादखुळा' जीभ न अडखळता जातं. माझ्या मते या चालीला जगात सापडलेला हा सर्वोत्तम मजकूर आहे, आणि ब्रुसेल्सला त्याची खबर नाही.

बाकीच्यांनी काय करायचं? मुंबई बसते. पुण्याला एक अक्षर कमी पडतं, म्हणून 'पुऽऽणे' असं ताणावं लागतं. कमी असून लांबवण्याची सवय त्या शहराला नाही, तेव्हा जमायला वेळ लागतो. रत्नागिरीचं एक अक्षर जास्त होतं. ते 'रत्नाग्री' म्हणून दामटता येतं, गावचे लोक तसंच म्हणतात. छत्रपती संभाजीनगर बसवण्याच्या फंदात पडू नये. गोव्यात 'फोर्सा गोवा' ही चार अक्षरी आरोळी आहे. फोर्सा म्हणजे पोर्तुगीजमध्ये जोर, ताकद. ती ओलेच्या जागेत न कोंबता सुट्टी द्यावी, सुट्टीच शोभते. सगळ्यात हाल सोसायटीच्या आणि ऑफिसच्या संघांचे. नाव ठेवताना 'बी विंग रायझिंग वॉरियर्स' भारी वाटतं, ते ओरडायचंय हे कुणाच्या डोक्यात येत नाही. नाव नोंदवण्याआधी चालीत एकदा म्हणून बघावं.

चौथ्या ओलेच्या भानगडीला आपल्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते सिनेमाचं. 1994 साली 'ये दिल्लगी' आला. त्यात अभिजीतनं गायलेलं, सैफ अली खानवर चित्रित झालेलं ओलेचं गाणं आहे. शब्द तोच, चाल निराळी, आणि तिथं ओले तीनच. हे गाणं तेव्हापासून वरातीत, गॅदरिंगमध्ये आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात इतकं वाजलंय की पस्तिशीपुढच्या माणसाच्या तोंडात ओले शब्द आला की मान आपोआप सैफसारखी हलते. स्टेडियममध्ये कुणी बेल्जियमचा ओले लावला की तिसऱ्या रांगेतला एक काका हमखास सैफचा ओले लावतो. दोन चाली समोरासमोर येतात, कुणीच मागे घेत नाही, आणि मधले बिचारे नुसत्या टाळ्या वाजवतात. त्याआधीचा, 1989 च्या 'त्रिदेव'मधला 'ओए ओए' उकरून काढणारेही असतात. त्यांना फार बोलता येत नाही, कारण स्पॅनिश पब्लिकसुद्धा बऱ्याचदा 'ओए ओए'च म्हणतं. मोठ्या गर्दीत 'ल' टिकत नाही. त्यासाठी जीभ वर न्यावी लागते, आणि तिसऱ्या मिनिटाला जीभ संप करते. उरतात फक्त स्वर.

आता हे लावायचं कसं, ते सांगतो. एकट्यानं लावू नये. किमान आठ-दहा जण, एकाच ब्लॉकमध्ये, शक्यतो खालच्या रांगांत आणि एकमेकांना चिकटून. चौघे इथं, तिघे वडापावच्या रांगेत, असं असेल तर गप्प बसावं. वेळ साधावी ती खेळ थांबलेला असताना: कॉर्नर, जखमी खेळाडू, दोन षटकांमधली फट. क्रिकेटमध्ये ही फट डीजेच्या मालकीची असते. त्याची ती तुतारी वाजली की आपला ओले गिळायचा. तुतारीची ती चालही स्पेनमधल्या पासोडोब्लेवरून आलेली आहे, आणि पासोडोब्ले हे बैलझुंजीच्या मैदानातलं संगीत. म्हणजे कुठूनही गेलं तरी वाट बैलाच्याच गोठ्यात जाते.

सुरुवात खालच्या पट्टीत करावी. नव्याण्णव टक्के ओले इथं मरतात. गोल झालेला असतो, अंगात आलेलं असतं, पहिलाच ओले तार सप्तकात लागतो. दुसऱ्या फेरीला नसा फुगतात, तिसऱ्याला आवाज फाटतो आणि लोक काळजीनं पाणी पुढे करतात. बोलताना जो आवाज असतो त्यातच सुरू करावं, गर्दी स्वतःहून वर चढवते. ती वेगही वाढवते, पण तिथं तिला आवरावं लागतं, म्हणून ढोल किंवा निदान रिकामी बादली हवी. युरोपात या कामाला 'कापो' नावाचा माणूस असतो. तो कठड्यावर चढून मैदानाकडे पाठ करतो आणि तोंड पब्लिककडे. पूर्ण सामना तो न बघता ओरडतो. तिकीट काढून सामना न बघण्याची ही तयारी आपल्यात यायला वेळ आहे.

आणि समोरच्या स्टँडशी सूर जुळवायच्या नादी लागू नये. जुळणारच नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. क्रिकेटच्या मैदानावर समोरचा स्टँड 160-170 मीटरवर असतो, म्हणजे त्यांचा ओले आपल्यापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला 120 टाळ्यांचा वेग धरला तर अर्धा सेकंद म्हणजे बरोबर एक टाळी. आपण चौथा ओले म्हणतो तेव्हा कानावर त्यांचा तिसरा पडत असतो. दोष त्यांचा नाही आणि आपलाही नाही. ढोलपथकातल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. शेवटच्या रांगेतला वादक कानावर विसंबत नाही, पुढच्याच्या टोलाकडे बघून टोल देतो.

पासागणिक एकेक ओले म्हणायचा जो प्रकार आहे, तो मात्र फार जपून करावा. किमान तीन गोलची आघाडी आणि शेवटची पाच मिनिटं, याआधी नाही. आपल्या पोरांनी सलग आठ-दहा पास दिले तर ते शोभतं. होतं असं की दुसऱ्या ओलेला आपला बचावपटू खूश होतो, तिसऱ्याला टाच मारून पास द्यायला जातो, चौथ्याला चेंडू समोरच्यांकडे असतो आणि पाचवा ओले ते म्हणतात.

घशासाठी कोमट पाणी, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. बर्फाचा गोळा सामन्यानंतर. एवढं करूनही दुसऱ्या दिवशी ऑफिसात आवाज बसलेलाच असतो, आणि आदल्या दिवशी रजा तापाची टाकलेली असेल तर तो उपयोगीच पडतो.

हे झालं ओरडणाऱ्यांचं. ऐकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. आता गल्लीगल्लीत जाळी लावलेली टर्फ झाली आहेत, आणि दिवसा नोकरी करणारे खेळाडू रात्रीचे तास आधी बुक करतात. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, हे सगळं नियमात आहे. पण गळ्याला बटण नसतं. पावणेबाराला कुणीतरी शेवटच्या चेंडूवर षटकार मारतो आणि जाळीच्या आत आठ जण गोल करून नाचू लागतात. ओले, ओले, ओले. सात जण तिथं थांबतात, आठवा चौथाही म्हणतो. मग गाळलेली जागा येते. बी विंग रायझिंग वॉरियर्स त्यात बसत नसल्यामुळे क्षणभर शांतता पसरते, आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडून कुणीतरी अगदी मापात, तीन दुणे सहा, ती भरून टाकतं: "झोपा रे, झोपा रे!"