आईचा पासपोर्ट आईकडेच असू दे

बाबांनी परवानगी दिली म्हणून आज हे लिहितेय. गेली दोन वर्षं घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

रोम. टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस, पाय ठेवायला जागा नाही. उतरलो तेव्हा बाबांच्या पाऊचची चेन उघडी होती. आत चष्म्याचं घर आणि बीपीच्या गोळ्यांची पट्टी तेवढी उरलेली. तिघांचे पासपोर्ट एकत्र ठेवले होते, तिन्ही गेले. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा त्यांच्यातच, म्हणजे पुढचं पॅरिसही गेलं.

ही बस पाकीटमारीसाठी बदनाम आहे हे नंतर कळलं. पण माझ्या मनात रुतून बसलंय ते वेगळंच. बाबा बसच्या मागे धावले, मी पोलीस शोधायला निघाले, तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला. "मला एकटीला सोडू नको गं, मला हॉटेलचं नावसुद्धा माहीत नाही." तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई! परक्या देशात तिच्याजवळ ना पासपोर्ट, ना पैसे, ना पत्ता. कारण "तू कशाला काळजी करतेस, आम्ही आहोत ना" असं आम्ही दोघं तिला कायम म्हणत आलो. हे प्रेम नाही, हा आमचा हलगर्जीपणा होता. सहलीला गेलेल्या कितीतरी घरांत मी हेच बघते, सगळ्यांचे पासपोर्ट एका कर्त्या माणसाच्या बॅगेत.

पोलिसांकडे तक्रार लिहिताना पासपोर्ट नंबर विचारले. माझ्या मोबाइलमध्ये बाबांच्या आणि माझ्या पासपोर्टचा फोटो होता. आईच्या पासपोर्टचा काढलाच नव्हता. मग आईने पिशवीतल्या चिवड्याच्या डब्याखालून घडी घातलेले कागद काढले. तिघांच्या झेरॉक्स. कडेला तेलाचा डाग, पण नंबर स्वच्छ वाचता येत होता. शाळेतली सवय, प्रत्येक कागदाची एक प्रत जास्तीची.

तिथे या तक्रारीला 'देनुंचा' म्हणतात. तिची प्रत जपून ठेवा, तिच्याशिवाय पुढचं काही हलत नाही. युरोपात तातडीची मदत लागली तर 112 लावा. भारतीय दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं असतं, त्यावर पुढे फिरता येत नाही. आमची चोरी शुक्रवारी संध्याकाळी झाली. शनिवार-रविवार दूतावास बंद. ते दोन दिवस बाबा खोलीतल्या खिडकीपाशी बसून होते, धड जेवलेही नाहीत. "घरी कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणायचे.

आणि आम्ही खरंच सांगितलं नाही. कलोसियमसमोरचे फोटो टाकले, लोकांनी लाइक केले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच नात्यातलं एक कुटुंब रोमला गेलं आणि त्यांचंही पाकीट गेलं, बसमध्येच. मला फार लागलं ते. आपल्याकडे असं काही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "लक्ष कुठे होतं?" म्हणून माणसं गप्प बसतात. कृपा करून हा प्रश्न विचारू नका. पुढे काय केलंत, ते विचारा.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ थांबून म्हणाले, "टाक."

दिवाळीनंतर आम्ही व्हिएतनामला जातोय. आईने जुन्या सुती साडीचे तीन बटवे शिवलेत, कपड्यांच्या आत गळ्यात घालायचे. प्रत्येकात ज्याचा त्याचा पासपोर्ट, थोडे पैसे आणि हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठ्या तिनेच लिहिल्यात.