नॉइज पाहताना फोटो एकाच आकारात तरी पाहा

‘मेगापिक्सेल कमी तितका अंधारातला फोटो स्वच्छ’ हे कॅमेरा निवडण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. सोनीच्या ए७एस ३ या कॅमेऱ्याचे १२ आणि ए७आर ५ चे ६१ मेगापिक्सेल, दोन्ही फोटो शंभर टक्के झूम करून शेजारी ठेवले तर दुसऱ्यात खरखर, म्हणजेच नॉइज, जास्त दिसणारच. पण ६१चा फोटो १२ वर आणा किंवा दोन्हींची सारख्या मापाची प्रिंट काढा, बराचसा फरक निघून जातो. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचं क्षेत्रफळ दोन्हींत तेच, म्हणजे एकूण प्रकाशही तेवढाच. ए७एस ३ ची खरी ताकद व्हिडिओत आहे. कमी पिक्सेल असल्यामुळे सेन्सरच्या पूर्ण रुंदीतून ४के व्हिडिओ झपाट्याने वाचता येतो.

आणि रीडआउटच्या, म्हणजे सेन्सरवरचं चित्र वाचून घेण्याच्या, वेगाबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं जास्त वाईट वाटलं. मी नाटकांचे फोटो काढतो. प्रयोगात शटरचा आवाज चालत नाही, म्हणून सायलेंट शटर, म्हणजे यांत्रिक पडदा न हलवता सेन्सरवरूनच फोटो घेणं. जुन्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीने हळू वाचला जायचा, त्यामुळे रंगमंचाच्या लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे यायचे, एका प्रयोगाचे निम्मे फोटो त्यात गेले. खूप वेगाने वाचल्या जाणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरवर हा त्रास बराच कमी होतो. सोनीच्याच ए९ ३ च्या ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात, पण तिथे बेस आयएसओ, म्हणजे सेन्सरची मूळ प्रकाशसंवेदनशीलता, नेहमीपेक्षा वर, २५० पासून सुरू होते. कॅमेरा निवडणाऱ्याला ही देवाणघेवाण आधी कळायला हवी, मेगापिक्सेल नंतर.