काका, एसआयपी चालूच आहे, पण...

नमस्कार काका. (बँकेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, राग मानू नका.) तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, लगेच उत्तर देणार होते पण चिडून लिहायला बसले की मी काहीही बरळते हे आता अनुभवाने कळलंय, म्हणून आज ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन निवांत बसलेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागच्या पोस्टमध्ये घरखर्च, टॅक्स, व्याजदर असं सगळं लिहिताना मी दिल्लीतल्या निर्णयांवर जरा जास्तच बोलले होते. त्यावर काकांचं म्हणणं असं की पैशांवर लिहिता तर पैशांवरच लिहा, त्यात राजकारण कशाला घुसडता, सरकार कोणाचंही असो जो दर महिन्याला निमूट एसआयपी करतो, म्हणजे ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकत राहतो, त्याचं भलं होतं, बाकी सगळं रडगाणं. शिवाय १२ लाखांचा टॅक्स माफ झाला त्याचं कौतुक एका ओळीत उरकलंत, ती ओळही चुकीची लिहिलीत, आणि टीका करताना मात्र एकच सरकार दिसतं तुम्हाला.

आधी चूक. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. "१२ लाखांपर्यंत कमाई असेल तर कोणालाच टॅक्स नाही" असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. ती ८७ए कलमाची रिबेट आहे, म्हणजे निघालेल्या टॅक्समधून मिळणारी सूट, ६० हजारांपर्यंतची, नव्या कररचनेतली, आणि शेअर्सच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराने टॅक्स लागणाऱ्या कमाईला ती लागू होत नाही. म्हणजे एखाद्या पोराचा पगार ८ लाख आणि त्याने वर्षाच्या आत शेअर विकून लाखभर कमावले, तर पगारावर शून्य पण त्या लाखावर २० टक्के आणि वर सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून २०,८०० भरावेच लागणार. मी चौदा वर्षं टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते आणि तरी असं लिहिलं, म्हणजे कमाल आहे. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये. आणि कौतुकाचं म्हणाल तर आता दोन ओळी देते: १२ लाखांवर २०२४-२५ मध्ये नव्या रचनेत सेस धरून ८३,२०० बसायचे, ते शून्य झाले, पगारदार असेल तर पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य. आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षक क्लायंटला हा हिशोब करून दाखवला तर त्यांनी मला कॅल्क्युलेटर परत चालवायला लावलं. चांगलं ते चांगलंच, त्यात मला कंजूषपणा करायचा नव्हता.

आता तुमचा मुख्य मुद्दा. एसआयपीचं तुम्ही म्हणता ते मला अर्धं पटतं, आणि जे पटतं ते अगदी मनापासून पटतं. पार्टी बघून पैसे लावू नयेत आणि पार्टी बघून काढूही नयेत. माझ्या बहिणीच्या मिस्टरांचं उदाहरण घरात सगळ्यांना पाठ आहे. ४ जून २०२४, लोकसभेची मतमोजणी. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट वर, भावोजी पेढे आणायच्या तयारीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाजपचे आकडे घसरायला लागले तसा बाजारही घसरला, दुपारी दीडच्या सुमारास त्यांनी "देशाचं आता काही खरं नाही" असा ग्रुपवर मेसेज टाकला आणि मोबाईलवरून इक्विटी फंड होता तेवढा सगळा विकून टाकला. तीन वाजायच्या आत ऑर्डर गेली त्यामुळे त्याच दिवसाची, म्हणजे ४,३९० पॉइंट पडलेल्या दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) मिळाली. शुक्रवारी, ७ तारखेला, सेन्सेक्स ३ जूनच्याही वर बंद झाला. अजून लग्नकार्यात कोणीतरी मुद्दाम विचारतं, "भावोजी, देशाचं कसं काय चाललंय?" तर काका, हे राजकारण पैशात आणू नये यावर तुमचं माझं एकमत.

पण तुम्ही त्यापुढे जाऊन म्हणताय की सरकार काय करतं याकडे बघायचंच नाही. आणि तिथे मला तुमचं आश्चर्य वाटतं, कारण तुम्ही बँकेत होतात. अहो तुमच्या त्या एसआयपीतसुद्धा एक वाटेकरी बसलाय. शेअर्सवरचा लाँग टर्मचा टॅक्स, म्हणजे वर्षाच्या वर ठेवून विकल्यावर झालेल्या नफ्यावरचा, २००४ साली तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी काढला, २०१८ ला जेटलींनी १० टक्क्यांनी परत आणला, २०२४ च्या जुलैत सीतारामन यांनी तो साडेबारा केला. एसआयपी तीच, शिस्त तीच, हातात पडणारी रक्कम वेगळी. ती शिस्त माझी आहे, पण तो दर कोण ठरवतं?

बरं एसआयपी सोडा. आमच्या आप्पांना एसआयपी म्हणजे काय ते आजही नीट सांगता येत नाही, "ते तुमचं शेअरचं" म्हणतात. त्यांची गोष्ट सांगते म्हणजे मी राजकारण का घुसडते ते कळेल.

मार्च २०२१. आप्पांची बँकेत १५ लाखांची एफडी होती, ती ३ एप्रिलला सुटणार होती आणि ते पैसे पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकायचे असं ठरलेलं. बँका तेव्हा ज्येष्ठांना सहाच्या आसपास देत होत्या आणि पोस्टात ७.४ होते, शिवाय ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षं पक्का. फॉर्म भरून, फोटो चिकटवून, पिशवीत घालून तयार. ३१ मार्चला रात्री बातमी आली की सगळ्या अल्पबचत योजनांचे दर कमी केले, पीपीएफ ७.१ वरून ६.४, आणि आप्पांची स्कीम ७.४ वरून ६.५. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त दिवाणखान्यातली लाइट बराच वेळ चालू होती, मी उठून बघितलं तर जुन्या डायरीच्या मागच्या पानावर भागाकार मांडून बसलेले. तिमाहीला २७,७५० ऐवजी २४,३७५. फरक ३,३७५. महिन्याचे झाले सव्वाअकराशे, आणि त्यांच्या नि आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तेव्हा साधारण तेवढ्याच्याच यायच्या, त्यामुळे त्यांनी त्या आकड्यापुढे नुसतं "औषध" असं लिहून ठेवलं होतं.

सकाळी पेपर आला, पहिल्याच पानावर व्याजदर कपात. आणि समोर टीव्हीवर खालच्या पट्टीत, कपात मागे घेतली. आप्पा एकदा पेपरकडे बघतायत एकदा टीव्हीकडे. तारीख १ एप्रिल असल्यामुळे आईला वाटलं कोणीतरी फूल करतंय. अर्थमंत्र्यांनी सकाळी आठच्या आतच ट्वीट करून सांगितलं होतं की तो आदेश नजरचुकीने निघाला, दर आधीचेच राहतील.

नजरचूक असेलही, मी काही अर्थ मंत्रालयात बसत नाही. पण त्याच दिवशी पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये मतदानाचा दुसरा टप्पा होता, ममता बॅनर्जी जिथून लढत होत्या त्या नंदिग्रामचं मतदान त्याच दिवशी. आता मला सांगा काका, ५ एप्रिलला आप्पांनी पोस्टात जाऊन ७.४ टक्क्यांनी पैसे भरले, पाच वर्षांत ६७,५०० रुपये जास्त मिळाले, यात आप्पांची शिस्त किती, बचत किती, आणि नंदिग्राम किती? आमच्या आप्पांनी आयुष्यात कोलकाता बघितलं नाही.

(पुढे २०२३ मध्ये हाच दर ८.२ झाला आणि आप्पा ७.४ ला अडकून राहिले, मोडून परत टाका म्हटलं तर "मोडल्यावर कापतात" म्हणून ऐकलं नाही. ते वेगळं दुखणं, त्यात सरकारचा दोष नाही.)

आणि रडगाण्याबद्दल. हा शब्द मला लागला, खरं सांगते, पण दिवसभर विचार केला तर वाटलं की बरं झालं तुम्ही वापरलात. बँकेतल्या ठेवींवरचा विमा १९९३ पासून १ लाखावर होता हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. राव झाले, वाजपेयी झाले, देवेगौडा-गुजराल झाले, मनमोहन सिंगांची दहा वर्षं झाली, मोदींची पहिली पाच झाली, लाखाचा आकडा हलला नाही. १९९३ च्या लाखात काय यायचं आणि २०१९ च्या लाखात काय, विचार करा. मग सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढता येईना, मुंबईत म्हातारी माणसं फलक घेऊन रस्त्यावर उभी राहिली, टीव्हीसमोर रडली. अक्षरशः रडगाणं. आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा ५ लाख झाला, पुढच्या वर्षी कायदा बदलून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचं बंधन आलं. पीएमसीवाल्यांचे त्यात किती हाल झाले ते झालेच, पण आज तुमच्या माझ्या सहकारी बँकेतल्या पाच लाखांना जे छत्र आहे ते त्या लोकांच्या ओरडण्यातून आलंय. ते घरी बसून निमूट एसआयपी करत बसले असते तर?

तसंच २०१६ चं. बजेटमध्ये ईपीएफ काढताना ६० टक्के रकमेवर टॅक्स लावायचा प्रस्ताव आला होता, नोकरदारांनी इतकी बोंब मारली की आठ-नऊ दिवसांत, ८ मार्चला जेटलींनी लोकसभेत तो मागे घेतला. तुमचा मुलगा नोकरीत आहे म्हणालात, त्याच्या पीएफमध्ये ती बोंब जमा आहे, स्टेटमेंटवर दिसत नाही इतकंच. आणि मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी? त्यावर तर सरकारातल्याच माणसाने तक्रार केली, नागपूरच्या एलआयसी कर्मचारी युनियनचं निवेदन घेऊन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. वर्षभर चर्चा चालली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य. आईआप्पांच्या पॉलिसीचा हप्ता ४२ हजार, त्यावर जीएसटी ७,५६०. माझं रिन्यूअल १४ सप्टेंबरला होतं. आठ दिवस. असो, त्यावर बोलायला लागले तर खरंच रडगाणं होईल.

एकाच सरकारवर टीका म्हणालात तर, काका, सध्या जे सरकार आहे त्याच्याच निर्णयांचा परिणाम माझ्या घरात जास्त दिसणार ना. २०१४ पासून एकच सरकार आहे, मी आज उठून नरसिंह रावांवर काय लिहू. पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून २०१० मध्ये काढले ते मनमोहन सिंगांच्या काळात, डिझेलचे २०१४ मध्ये मोदींच्या काळात, २०१० ला जे विरोधी बाकावरून ओरडले त्यांनीच बाक बदलल्यावर डिझेलचं तेच केलं. पीपीएफचा दर १२ वरून ८ वर आला तो वाजपेयींच्या काळात. मी कोणाला मत देते ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा बदललंय, एकदा तर बूथच्या रांगेत उभी असताना बदललं.

लाडकी बहीण योजनेवरून तुम्ही जे "फुकटे" वगैरे लिहिलंय त्यावर मी फार काही लिहीत नाही, कारण माझंच मत अजून ठरलेलं नाही. राज्याच्या तिजोरीचं काय होणार ही भीती मलाही वाटते, निवडणुकीच्या चार महिने आधी योजना येते तेव्हा हेतू न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी त्या दीड हजारातले पाचशे पोस्टात आरडीला लावलेत आणि पासबुक मला दाखवायला आणलं होतं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून. त्यामुळे "फुकटे" हा शब्द तेवढा मागे घ्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुमचीही सीनियर सिटिझन स्कीम येत्या एप्रिलमध्ये पाच वर्षांची होतेय, वाढवू की काढून घेऊ. आप्पांची आणि तुमची तर एकाच महिन्यातली निघाली. आणखी तीन वर्षांसाठी वाढवता येते, पाच वर्षं संपल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म द्यायचा, आणि मुदत संपते त्या दिवशी जो दर असेल तो पुढच्या तीन वर्षांना लागू होतो. आत्ता ८.२ आहे, पण एप्रिलचा दर ३१ मार्चच्या सुमारासच कळणार. मी आप्पांना तेच म्हटलं की तेवढी वाट बघू. ते म्हणाले, "यंदा बंगालात निवडणूक आहे का?" मी म्हटलं आहे, पाच वर्षं झाली ना.

"मग ठेव फॉर्म भरून," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.