५१५ आला म्हणजे मुलाखत पक्की?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर मे महिन्यात, मेडिकल कॉलेजांचे अर्ज उघडले की, एक संदेश फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५१५ आणि जीपीए (कॉलेजातल्या मार्कांची सरासरी, चारपैकी) ३.८ असेल तर मुलाखती येणारच, तक्त्यात बघून घ्या. आपल्या भारतीय मुलांना मात्र ५२० लागतात, त्याखाली असाल तर वर्ष वाया घालवू नका. खात्रीच हवी असेल तर ३० कॉलेजांना अर्ज टाका. प्रत्येक ठिकाणी १० टक्केच शक्यता धरली तरी एकही मुलाखत न येण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते. निबंध काय, सगळेच सारखे लिहितात.

मी इथे डॉक्टर आहे आणि गेली काही वर्षं ओळखीतल्या मुलांचे अर्ज पाठवण्याआधी वाचून देते. हा संदेश वाचून गेल्या वर्षी एका हुशार मुलीने अर्जच भरला नाही. दुसऱ्या एका घराचे बरेच डॉलर जिथे दारच बंद होतं अशा कॉलेजांवर गेले. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी तो तक्ता. तो खरा आहे, असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था तो प्रसिद्ध करते. पण त्यात मुलाखती मोजलेल्याच नाहीत. किमान एका एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांचं प्रमाण त्यात आहे, तेही देशभरातल्या सगळ्यांचं एकत्र. त्यातला सर्वांत वरचा चौकोन बघा: एमकॅट ५१७ च्या वर, जीपीए ३.७९ च्या वर. तिथेही शंभरातल्या पंधराएक जणांना एकाही कॉलेजात जागा मिळत नाही. त्यांच्या मार्कांत काहीच कमी नव्हतं. ते कुठल्या राज्याचे, कुठल्या व्हिसावर, रुग्णांजवळ किती वेळ घालवलेले, अर्ज जूनमध्ये गेला की सप्टेंबरमध्ये, यातलं काहीही तक्त्याला माहीत नाही. मग तुमच्या मुलाचं भाकीत तो कसं करणार?

५२० चा मुद्दा तर आकड्यांवरच टिकत नाही. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात आणि ५१५ म्हणजेच दर दहांतल्या नऊ जणांच्या पुढे. एमडीला प्रवेश घेणाऱ्या सर्व मुलांची सरासरी ५१२ च्या जवळपास असते. आशियाई वंशाच्या मुलांची ती जास्त आहे, हे मी लपवणार नाही. पण ती ५१४ च्या आसपास आहे. सरासरी ५१४ आहे याचा अर्थ त्याखालच्या पुष्कळ मुलांना दरवर्षी जागा मिळते. मग ५११ वाल्या मुलीला घरी बसवायचं कशासाठी?

आता तो ४ टक्क्यांचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त फसवणूक यात आहे. ०.९ चा तीस वेळा गुणाकार केला की ०.०४ येतात, हे बरोबर. पण हा गुणाकार फाशाला लागू पडतो, कारण फाशाला मागचा डाव आठवत नाही. इथे तीसही ठिकाणी एकच अर्ज जातो: तेच मार्क, तीच शिफारसपत्रं, तोच ५,३०० अक्षरांचा निबंध, तेच पंधरा अनुभव. त्यात दवाखान्यातला अनुभव नसेल तर ती उणीव पहिल्या कॉलेजला दिसते तशी तिसाव्यालाही दिसते. शिवाय प्रत्येक ठिकाणी १० टक्के हे कुणी ठरवलं? वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठासारख्या ठिकाणी साधारण २०० जागांसाठी १२ हजारांहून जास्त अर्ज येतात. खर्चही बघा. पहिल्या कॉलेजचे सुमारे १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे ४५-५० धरले तर तीस कॉलेजांचे दीड हजार डॉलर प्राथमिक अर्जालाच जातात. सेकंडरीची, म्हणजे त्यानंतर प्रत्येक कॉलेज वेगळा मागवतं त्या अर्जाची, फी बहुतेक ठिकाणी शंभरच्या आसपास, म्हणजे आणखी तीन हजार. आणि तीस सेकंडरींचे निबंध मूल जुलै-ऑगस्टमध्ये मन लावून लिहिणार कधी? मग ‘सगळे सारखेच लिहितात’ हे वाक्य खरं ठरतं, पण ते या यादीमुळे.

आणि ज्याबद्दल संदेशात एक अक्षरही नाही, ते म्हणजे तुम्ही राहता कुठे आणि कुठल्या कागदावर. टेक्सासच्या सरकारी मेडिकल कॉलेजांना कायद्याने किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांना द्याव्या लागतात. मिसिसिपी विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज राज्याबाहेरच्यांना घेतच नाही. याउलट कॅलिफोर्नियात राज्यातलेच अर्जदार इतके आहेत की प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुसंख्य मुलं दुसऱ्या राज्यात जातात. म्हणजे तेच ५१३ मार्क टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मुलाच्या आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मुलाच्या हातात सारखे नसतात.

व्हिसाचं तर सांगायलाच हवं, कारण आपल्या कितीतरी घरांत ग्रीन कार्डची रांग संपलेली नाही. एच-४ वरचं, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेलं, मूल २१ वर्षांचं झालं की त्याचा तो व्हिसा संपतो, मग बहुतेक जण एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतात. शाळा इथेच झालेली, बोलणं-चालणं इथलंच, तरी अर्जाच्या लेखी ते परदेशी विद्यार्थी. बरीच सरकारी कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेला अर्ज विचारातच घेत नाहीत. काही खासगी कॉलेजं घेतात, पण त्यातली काही फीचे पैसे आधीच दाखवा म्हणतात, आणि सरकारी कर्ज या मुलांना मिळत नाही. ज्या घराचे पैसे गेले असं वर म्हटलं, त्या मुलाचे मार्क ५१९ होते. त्याने निवडलेल्या २६ पैकी ११ कॉलेजं त्याच्या व्हिसावर अर्ज घेतच नव्हती. कुणीच ते आधी तपासलं नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

शक्यता मोजायचीच असेल तर त्याच संस्थेचा एमसार हा ऑनलाइन कोश वर्षभरासाठी घ्या. एका अर्जाच्या फीपेक्षा तो स्वस्त पडतो. त्यात प्रत्येक कॉलेजपुढे राज्यातले अर्ज किती, त्यांतल्या किती जणांना मुलाखत, राज्याबाहेरचे अर्ज किती, त्यांतल्या किती जणांना, असे वेगवेगळे आकडे असतात. परदेशी विद्यार्थी चालतात का, तेही असतं. आधी व्हिसा, मग राज्य, मग मार्क, या क्रमाने नावं गाळा. अर्ज जूनमध्येच पाठवा. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखतींची बोलावणी उन्हाळ्यातच सुटू लागतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पोचलेल्या चांगल्या अर्जालाही उरलेल्या जागांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

गेल्या वर्षी थांबलेली ती मुलगी परवा वही घेऊन घरी आली होती. मार्क ५११, जीपीए ३.८५, जन्म इथलाच, आणि दोन वर्षं दर शनिवारी हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या केंद्रात, रुग्णांसोबत बसते, जे ती निबंधात लिहिणारच नव्हती. आम्ही १८ नावं ठरवली. त्यांतली चार तिच्याच राज्यातली आहेत आणि त्या चारांची सेकंडरी ती सगळ्यात आधी लिहिणार आहे.