हेलिओस ४४-२: फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

जुन्या लेन्सचा नाद लागला की हेलिओस ४४-२ या सोव्हिएत लेन्सबद्दलचा हा मजकूर कुणीतरी पाठवतंच: ‘हेलिओस ४४-२ म्हणजे रशियन नावाचं झाइस. कुठल्याही कॅमेऱ्याला ॲडॅप्टरनं लावा, मागची झाडं आपोआप गरगर फिरतात. पात्यांवर तेल दिसलं तर मात्र लेन्स भंगारात.’

झाइस या जर्मन कंपनीचं म्हणाल तर रचना तिच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ या लेन्सचीच, चार गटांत सहा भिंगं. पण जर्मन काच वापरली गेली ती युद्धानंतरच्या पहिल्या काही लेन्समध्ये, विशेषतः झाइसच्याच सोन्नार लेन्सच्या, पुढे ज्युपिटर नाव मिळालेल्या नकलांमध्ये. ४४-२ ची काच सोव्हिएत. क्रास्नोगोर्स्क, मिन्स्क, वल्दाई अशा तीन कारखान्यांतून ती निघाली आणि नगानगात फरक आहे. माझ्याकडच्या दोनांपैकी एक एफ/२ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, झकास, दुसरी धुरकट. झाइस म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

‘आपोआप’ हा तर शुद्ध थापेचा शब्द. लेन्सची नळी कडेच्या प्रकाशाचा काही भाग अडवते, म्हणून तिथले प्रकाशठिपके गोल न राहता चपटे होतात आणि मधोमध धरून रिंगण घातल्यासारखे दिसतात. त्याला एफ/२ लागतं, माणूस दीड-दोन मीटरवर लागतो, आणि मागे पानांतून आभाळ डोकावणारं झाड. मागे भिंत असेल तर काय फिरणार? एपीएस-सी हा लहान सेन्सर तर नेमक्या त्या कडाच कापून टाकतो. निकॉनच्या डीएसएलआरवर आणखी एक गंमत: लेन्स जिथे बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर एम-४२ या हिच्या जोडणीचं ४५.४६ मिमी, निकॉनचं ४६.५. साध्या ॲडॅप्टरनं दूरचं काही फोकसमध्ये येतच नाही.

तेलाचं तर पार उलटं आहे. ४४-२ मध्ये स्प्रिंग नाही. छिद्र लहान-मोठं करणारी आठही पाती तुम्ही कडं फिरवाल तशी हलतात. थोडं तेल त्यांना अडवत नाही. ते उडून भिंगावर धुरकट थर धरला तरच खोलायची. स्प्रिंगवर झटकन मिटणाऱ्या ४४-एम या नंतरच्या हेलिओसमध्ये पाती चिकटतात. ही भीती मुळात तिथली.

४४-२ चं खरं दुखणं म्हणजे फोकसच्या आट्यांत सुकून गोंदासारखं झालेलं ग्रीस. आटे उलगडताना ते नेमके कुठे सुटतात तिथे सुईनं रेघ ओढा. या आट्यांना सुरुवाती अनेक, म्हणजे ते एकाहून जास्त जागी बसतात. चुकीच्या जागी बसवले तरी बिनतक्रार फिरतात, फक्त अनंताचा, म्हणजे अगदी दूरचा, फोकस जातो. पहिल्यांदा मी रेघ ओढली नव्हती. दोन रविवार समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघत आटे काढले, घातले.

आपल्या पावसाळ्यात ज्यानं लेन्स खरंच जाते, त्या बुरशीचं फॉरवर्डमध्ये नावही नाही. पैसे देण्याआधी मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स परत द्या. बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर ते पुसून परत येत नाही.