कुठं बसतात ते मला विचारू नका

काल एका जावळाच्या जेवणात एकानं मला विचारलं, "सर, येरळवाडीच्या तलावावर ते हंस नेमके कुठल्या अंगाला बसतात? उजाडताना उठतात का दिवस बुडताना?"

हा प्रश्न लोकांनी विचारावा म्हणून मी खटाव तालुक्यातल्या शाळाशाळांतून पाखरांची चित्रं घेऊन फिरलोय. पोरांनी विचारलं की घसा बसेपर्यंत सांगतो. काल ज्यानं विचारलं त्याच्या डोक्यात बंदूक होती. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.

त्या घरचा एक पाहुणा अमेरिकेतनं आलाय. मूळचा इकडचाच, आता तिकडं स्थायिक. हिवाळ्यात शिकारीला जातो. तिकडं ते कायदेशीर आहे, तो परवाना काढून जातो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मटणाची पंगत उठली, मांडवातल्या खुर्च्या त्याच्याभोवती गोल झाल्या आणि त्याचा फोन या हातातनं त्या हातात फिरायला लागला. पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर ओळीनं मांडलेले कॅनडा गूज. माना लोंबतायत. आणि वर पाहुण्याचं चालू, की काडतूस कसं निवडायचं. शिसं बंद झालं, आता स्टीलचा छर्रा. छर्‍याचं माप हंसाला बीबी नाहीतर बीबीबी, बदकाला दोन, तीन, चार नंबर. तीन इंची काडतूस, सव्वा औंस छर्रा, वेग जास्त घ्यायचा. ऐकणारे माना हलवतायत. त्यातल्या दोघातिघांच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

मग सुरू झालं. "आपल्या दुनळीला चालंल का रं हे?" "पुढच्या खेपंला दोन खोकी आण की बॅगेतनं." आणि मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली, कारण येरळवाडीचे ते हंस, म्हणजे पट्टकादंब, कुठं बसतात ते माहीत असलेला माणूस मी.

मी उठलो आणि आवाज चढवून बोललो. तर घरमालक म्हणतो, "सर, तापताय कशाला, गंमत चाललीय नुसती."

गंमत? मंगोलिया, तिबेट, लडाख अशा ठिकाणी अंडी घालणारं पाखरू हिमालय ओलांडून आपल्या दुष्काळी तालुक्यात हिवाळा काढायला येतं. ७,००० मीटरच्या वर उडताना पट्टकादंबांची नोंद पाठीवरच्या यंत्रांनी केलेली आहे. मंगोलियात गळ्यात नंबरचा पट्टा घातलेले कादंब पार कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेत. एवढा प्रवास करून ते येरळेच्या पाण्यावर उतरतात आणि मांडवात बसलेला माणूस सुपारी कातरत विचारतो, दोन नंबर चालंल का बीबी लागंल.

आणि कुणी असं म्हणू नका की सरांना काडतुसातलं काय कळतंय. मला कळतं. पाणपक्ष्यांच्या शिसंबाधेबद्दल वाचता वाचता या सगळ्यातनं गेलोय मी. बदक चिखलातनं दाण्याबरोबर बारीक खडे गिळतं. कोंबडीच्या दुकानात ज्याला पेटा म्हणतात, त्यात त्या खड्यांवर दाणा भरडला जातो. खड्यांबरोबर शिशाचा छर्रा पोटात गेला की तोही झिजतो, शिसं रक्तात उतरतं, पाखरू वाळत जातं आणि कुठंतरी लव्हाळ्यात मरून पडतं. म्हणून अमेरिकेनं १९९१ पर्यंत पाणपक्ष्यांच्या शिकारीतलं शिसं देशभर बंद केलं. डेन्मार्कनं १९९६ ला शिशाचा छर्राच बंद केला. इंग्लंडनं १९९९ ला पाणपक्ष्यांपुरता, युरोपियन युनियननं २०२३ ला पाणथळ जागांपुरता. तिथल्या लोकांनी मेलेली पाखरं फाडून बघितली, भांडले, आणि मग कायदा केला. स्टीलच्या छर्‍यामागं हा सगळा इतिहास आहे. काल पाहुण्यानं त्यातलं एक वाक्य उचललं, "स्टील इको-फ्रेंडली असतं, तलावाला काही त्रास नाही." सगळे हसले आणि मान्य झाले. या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. तलावाला त्रास नाही म्हणजे काय? तलाव म्हणजे नुसतं पाणी आहे का? आणि त्या काडतुसात छर्‍याभोवती जी प्लॅस्टिकची वाटी असते, ती दर वेळी बार उडाला की पाण्यात नाहीतर काठावर पडते. ती कोण वेचणार, तो का मी?

त्या दुनळीबद्दलही बोलतो, कारण कुणीतरी हात तोडून घेईल. तुमच्या घरातल्या आजोबांच्या वेळच्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुतेक अडीच नाहीतर पावणेतीन इंची असतं. तीन इंची काडतुसाचं तोंड घडी घातलेलं असतं, म्हणून ते त्यात आरामात बसतं आणि माणसाला वाटतं, बसलं की. उडाल्यावर ती घडी पुढं उघडते, जागा अपुरी पडते आणि आतला दाब भलताच वाढतो. शिवाय शिसं मऊ, दबतं. स्टीलचा मोठा छर्रा दबत नाही. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, जुन्या नळीतनं तो गेला तर तोंडाशी नळी फुगते. हे पाहुण्याला माहीत असणारच, खोक्यावर छापलेलं असतं. पण मांडवात "बघू की, चालंल" म्हणून मोकळा झाला. आणि बॅगेतनं काडतुसं आणायची भाषा करणाऱ्यांनी विमानतळावर एक रिकामी पुंगळी सापडली तरी काय होतं ते एकदा वकिलाला विचारावं.

अंतराचं तर कुणी काढलंच नाही. स्टील शिशापेक्षा हलकं, पाण्याशी तुलना केली तर शिसं अकरा पट जड आणि स्टील पावणेआठ पट. म्हणून शिशापेक्षा दोन मापांनी मोठा छर्रा घ्यायला सांगतात, म्हणून वेग वाढवतात, आणि तरी चाळीस वार (यार्ड) अंतराच्या पलीकडं मारू नका म्हणून तिकडचे जाणते शिकारी कंठशोष करतात. कारण लांबून मारलं की पाखरू पडत नाही, छर्रे अंगात घेऊन उडत राहतं. डेन्मार्कमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिवंत हंस धरून त्यांचे एक्सरे काढले होते. गुलाबी पायांचे हंस. मोठ्या वयाच्या पाखरांत साधारण तिघांत एकाच्या अंगात छर्रा होता. जिवंत, उडणाऱ्या पाखरांच्या अंगात! आता येरळवाडीचा काठ डोळ्यापुढं आणा. उघडा माळ, आडोसा नाही, माणूस दिसला की कादंबाची अख्खी पंगत मान वर करून उभी. तिथं चाळीस वारांवर कोण पोचणार आहे? म्हणजे लांबनं बार टाकणार आणि पाखरं जखमी करून सोडणार. कुठलंही काडतूस घ्या.

पाहुण्यानं काय सांगितलं नाही तेही लिहितो. तिकडं सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याला दरवर्षी डक स्टॅम्प नावाचं सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं, १९३४ पासून. तो पैसा पाणथळ जमिनी विकत घ्यायला आणि राखायला जातो. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, दिवसाला किती, हे ठरलेलं असतं. बंदुकीत तीनच्या वर काडतुसं भरायची नाहीत असा नियम आहे. मारलेल्या पाखराच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी सापडली तर तिचा नंबर कळवतात. काडतूस निवडणं हे या सगळ्याच्या शेवटी येतं. त्यानं अमेरिकेतनं नेमकं काडतूस तेवढं उचलून आणलं आणि बाकी सगळं तिकडंच ठेवलं. पाणथळ जागेसाठी पैसे द्यायची गोष्ट सांगितली असतीस तर मी तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलो असतो रे बाबा.

आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची हौसेची शिकारही संपली. हंस नाही, बदक नाही, पाणकोंबडी नाही. यात नंबर कुठला आणि धातू कुठला हा विषयच येत नाही. तुरुंग आहे. तरी माणसं अशी बोलतात की जणू फक्त योग्य काडतूस मिळायचं बाकी आहे.

आणि दुसरा प्रश्न, जो मला प्रत्येक तलावावर, प्रत्येक लग्नात, एसटीच्या रांगेत दुर्बीण गळ्यात दिसली की विचारतात. "खात्यात का ओ ते? चवीला कसं लागतं?" मी चक्रवाकाचा केशरी रंग दाखवतोय, दुर्बीण त्याच्या डोळ्याला लावून देतोय, आणि तो माणूस दुर्बिणीतनं बघत बघत विचारतो, किलोभर भरंल का. हळदी-कुंकू बदक दाखवा, तेच. थापट्या दाखवा, तेच. वारकरी दाखवा, काळा, कपाळाला पांढरा टिळा लावलेला, नावातच वारकरी, त्यालाही तेच! शिकलेली माणसं विचारतात. गाडीतनं उतरून विचारतात. आमच्या भागात रविवारी कोंबडी-मटणाच्या दुकानापुढं रांगा लागतात, कुणाच्या ताटाला काही कमी नाही. तरी पाण्यावर हललं की ते खायचंच असतं का?

एवढं करून मेलेलं पाखरू सापडलं की गावात पहिलं नाव कुणाचं निघतं, तर पारध्याचं. त्या बिचाऱ्याचं पाल तलावापासनं पाच कोसांवर असलं तरी. पोलीस त्याच्याकडं आधी जाणार. आणि पांढऱ्या स्कॉर्पिओतनं रात्री सर्चलाइट मारत फिरणारे, ज्यांच्या गाडीचा आवाज आम्हाला झोपेत ओळखू येतो, त्यांचं नाव घ्यायला कुणी धजत नाही. ते दुसऱ्या दिवशी सत्काराला स्टेजवर असतात. मला याचा जितका संताप येतो तितका कशाचाच येत नाही.

रानडुकरांचं मला सांगू नका. मका आणि ऊस मी पण लावतो, एका रात्रीत डुकरं काय करतात ते मी पण बघितलंय. त्यासाठी वनखात्याकडं अर्ज, पंचनामा, भरपाई, आणि तिथं होणारी हेळसांड, यावर मी शेतकऱ्याच्या बाजूनं हवं तितकं भांडायला तयार आहे. पण पिकासाठी मिळालेली बंदूक घेऊन तलावाकडं जाणारा शेतकऱ्याच्या नावाला बट्टा लावतोय. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते, तेव्हा हेच लोक चार दिवस बोंब मारतात की डुकरं मोकाट झाली. आणि बंदूक परत मिळाली की त्यांना डुक्कर आठवत नाही, कादंब आठवतो.

बंदूक नसलेले काही कमी नाहीत. गेल्या हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले तेव्हा बातमी आली आणि दुसऱ्या रविवारी काठावर गाड्यांची जत्रा. एकजण गाडीचं दार उघडं टाकून गाणी लावून बसलेला. एकजण ड्रोन घेऊन थेट थव्यावर. लग्नाआधीचे फोटो काढणारं एक जोडपं, आणि त्यांच्या फोटोत मागं पाखरं उडताना हवीत म्हणून फोटोग्राफरचा पोरगा पाण्यात दगड मारतोय. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, "काका, एकच शॉट." त्याचाही शॉट! त्याच पाण्यावरचे कादंब दिवसभर खाऊन अंगात चरबी साठवतात, त्यावर त्यांना परतीचा हिमालय ओलांडायचा असतो. दर वेळी उडवलं की त्यातलं थोडं जळतं. मायणीच्या बाजूला संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, बोर्ड लागले, आणि एका बोर्डाला टेकूनच माणसं वेफर्सच्या पिशव्या फेकतात.

म्हणून यंदा मी ठरवलंय. कुठला तलाव, कुठला काठ, किती वाजता, यातलं काहीही मी आता चारचौघांत सांगणार नाही. फोटो टाकला तर ठिकाण टाकणार नाही. लांबनं येणाऱ्या फोटोवाल्यांनी रागवायचं तर रागवा. शाळेतली पोरं अपवाद, त्यांना मी स्वतः घेऊन जाईन, लांब बसवीन, आणि एकानं जरी दगड उचलला तर सगळ्यांना परत आणीन.

त्या पाहुण्याची सुट्टी अजून आहे म्हणे, आणि ज्यांनी काल खोकी मागितली ते इथंच राहतात. पहाटे किंवा दिवस मावळताना येरळवाडी, मायणी, सूर्याचीवाडी, कुठल्याही पाण्यावर बंदुकीच्या बाराचा आवाज आला, नाहीतर काठाला जाळं दिसलं, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणून कूस बदलू नका. वनखात्याचा फोन १९२६, पैसे पडत नाहीत. तलावाचं नाव, जवळचं गाव आणि वेळ सांगा. गाडीचा नंबर दिसला तर तोही सांगा, गाडी कुणाचीही असो.